यीस्टचा स्टार्टर उतू जातोय? आधी बघा, कोणत्या वेळी

घरी बिअर बनवताना यीस्टच्या पेशी वाढवायला थोडं वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) गोड पाणी, आधी फ्लास्कमध्ये आंबवतात. तो स्टार्टर. तो उतू गेला की ठरलेला सल्ला मिळतो: मोठा फ्लास्क घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण तेवढ्याने भागत नाही. ५ लिटरचा फ्लास्क आणूनही पुन्हा टेबल पुसायची वेळ येते, कारण फेस एकाच कारणाने येत नाही. गॅसवर येणारा फेस माल्टमधल्या प्रथिनांचा असतो. यीस्ट किंवा स्टर बार (ढवळायची चुंबकाची कांडी) टाकताच येणारी उसळी विरघळलेल्या वायूची असते. रात्रीतून फॉइल उचलून बाहेर आलेला तपकिरी, चिकट थर यीस्टने स्वतः बांधलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न ‘किती सांडलं’ हा नसून ‘कधी सांडलं’ हा आहे. त्या वेळेवरून कारण कळतं, आणि उपाय त्या कारणावर करायचा असतो.

पुढचं सगळं १९ लिटरच्या, म्हणजे अमेरिकी हिशेबाने ५ गॅलनच्या बॅचसाठी आहे. यीस्ट द्रव, पाकिटातलं. वर्ट सुक्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचं, ज्याला सगळे डीएमई म्हणतात. सुकं यीस्ट वापरत असाल तर स्टार्टर करूच नका. त्याला तो लागत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमामुळे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत स्वतःपुरती बिअर करमुक्त बनवायला मोकळीक दिली, आणि २०१३ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांनी ती मान्य केली. तेव्हा ही माहिती, जिथे कायदा परवानगी देतो तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

आधी प्रमाण तपासा

पुष्कळदा स्टार्टर गरजेपेक्षा मोठा केलेला असतो आणि म्हणून भांडं अपुरं पडतं. एलसाठी (साध्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरसाठी) नेहमीचा हिशेब असा: दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (हे वर्टमधल्या साखरेचं माप) साडेसात लाख पेशी. १.०४८ गुरुत्वाचं, म्हणजे पाण्याच्या तुलनेत तेवढ्या घनतेचं, वर्ट म्हणजे सुमारे १२ अंश प्लेटो. १९ लिटरला गुणाकार केला की १७१ अब्ज पेशी येतात. एका पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी धरतात आणि पाकीट जुनं होईल तशा जिवंत पेशी कमी होत जातात. ताज्या पाकिटाला स्टर प्लेटवरचा (स्टर बार चुंबकाने फिरवणाऱ्या यंत्रावरचा) १ लिटर स्टार्टर या बॅचला पुरतो. पाकीट दोन-तीन महिन्यांचं असेल तर दीड लिटर करा. लागरला (थंडीत आंबणाऱ्या बिअरला) याच्या दुप्पट पेशी लागतात. तिथे एकदम ३ लिटरचा डोंगर उभा करण्यापेक्षा दोन पायऱ्यांत करणं बरं. त्याबद्दल पुढे येईलच.

वर्टची दाटी: १ लिटरला १०० ग्रॅम डीएमई. यातून गुरुत्व १.०३७ च्या आसपास येतं. भांडं लहान आहे म्हणून कमी पाण्यात जास्त डीएमई घालून १.०६० चं वर्ट करणारे आहेत. त्याने दोन्हीकडून तोटा होतो. यीस्टवर ताण येतो, आणि दर लिटरमागे प्रथिनं आणि वायू दोन्ही वाढल्यामुळे फेस उलट जास्त येतो.

आता भांडं. २ लिटरच्या शंकूच्या फ्लास्कचा तळ सुमारे १६ सेंटीमीटर रुंद असतो आणि मान सुमारे ५ सेंटीमीटर. क्षेत्रफळात हा फरक दहापट होतो. तळाशी १ सेंटीमीटर उंचीची जागा व्यापणारा फेस मानेत शिरला की त्याला १० सेंटीमीटर उंची लागते. फेस अर्धा तास शांतपणे चढत होता आणि मग अचानक उसळला असं जे वाटतं, ते यामुळेच. तो अचानक वाढलेला नसतो, त्याची वाट अरुंद झालेली असते. म्हणून फ्लास्कवर २००० ची खूण आहे म्हणजे तो २ लिटरच्या स्टार्टरचा फ्लास्क आहे असं समजू नये. अँटिफोम (फेस मोडणारं द्रव्य) न घालता १ लिटरच्या फ्लास्कमध्ये ६०० ते ६५० मिलिलिटर, २ लिटरच्यात १.२ ते १.३ लिटर आणि ५ लिटरच्यात ३ ते साडेतीन लिटर, इतकंच भरावं. अँटिफोम घातला तर २ लिटरच्या फ्लास्कमध्ये दीड लिटरपर्यंत जाता येतं. त्यापुढे नाही.

खरं तर या कामाला शंकूचा फ्लास्क हे सर्वात चांगलं भांडं नव्हेच. सरळ भिंतीची, रुंद तोंडाची ३-४ लिटरची काचेची बरणी फेसाला पसरायला जागा देते आणि पसरलेला फेस लवकर मोडतो. अट एकच: तळ सपाट हवा. बऱ्याच बरण्यांचा तळ मध्ये उंच असतो, त्यावर स्टर बार टिकत नाही, घसरून भिंतीला जाऊन खडखडतो. विकत घेण्याआधी बरणी उलटी करून तळावर पट्टी ठेवून बघा. आणि अशी बरणी साध्या काचेची असते, उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेटची नव्हे. तिच्यात गरम वर्ट ओतलं तर ती तडकेल.

गॅसवरच उतू जात असेल

इथला उपाय सरळ आहे: फ्लास्कमध्ये उकळूच नका. स्टीलच्या पातेल्यात उकळा, थंड करा, मग फ्लास्कमध्ये ओता. ‘फ्लास्कमध्ये उकळलं की निर्जंतुकीकरणही होतं’ हा युक्तिवाद बरोबर आहे, पण तोच फायदा पातेलं आणि स्टार सॅनने (आम्लाच्या निर्जंतुक द्रावणाने) धुतलेला फ्लास्क यांतूनही मिळतो. दीड लिटरला ४ लिटरचं पातेलं घ्या.

पातेल्यातही फेस येतोच, पण तो कधी येणार हे ठाऊक असतं. उकळी फुटायच्या जरा आधी प्रथिनं पृष्ठभागावर जमतात आणि दाट, साईसारखा थर वर चढू लागतो. दोन-चार मिनिटं उकळल्यावर ती प्रथिनं गोठतात, वर्टमध्ये चोथ्यासारखे कण दिसू लागतात आणि फेस आपोआप बसतो. धोका असतो तो या काही मिनिटांतच. तेवढा वेळ पातेल्याजवळून हलायचं नाही, आच बारीक ठेवायची, झाकण घालायचं नाही, आणि गार पाण्याची फवारणीची बाटली हाताशी ठेवायची. फेस कडेला आला की दोन फवारे पुरतात. फेस बसल्यावर १० मिनिटं उकळलं की झालं. उकळताना पाणी उडतं, म्हणून सुरुवातीला १० टक्के पाणी जास्त घ्या.

डीएमई कसं घालता यावरही बरंच अवलंबून आहे. उकळत्या पाण्यात वरून पूड टाकली की दोन गोष्टी होतात. वाफेने पूड पिशवीच्या तोंडाशीच चिकटते, आणि पाण्यात पडलेल्या कोरड्या कणांभोवती एकदम हजारो बुडबुडे धरले जातात. पातेलं क्षणात वर येतं. यीस्ट न्यूट्रिएंटची (यीस्टच्या पोषकाची) पूड उकळत्या वर्टमध्ये टाकल्यावरही नेमकं हेच होतं. म्हणून क्रम असा ठेवा: कोरड्या पातेल्यात डीएमई मोजून घ्या, थोडं गार पाणी घालून गुठळ्या मोडा, उरलेलं पाणी घाला, न्यूट्रिएंट त्याच वेळी टाका आणि मगच गॅस लावा.

फ्लास्कमध्येच उकळायचं असेल तर स्टर बार सुरुवातीलाच, गार पाण्यात टाका. त्याच्या टेफ्लॉनच्या आवरणाला उकळीने काही होत नाही. एकदम गुळगुळीत काचेत द्रव उकळबिंदूच्या थोडा वर तापूनही शांत राहू शकतो, आणि मग हलवलं की सगळा एकदम उसळतो. स्टर बार तळाशी असला की बुडबुडे धरायला जागा मिळते आणि उकळी सारखी, लहान लहान येते. तापलेल्या शांत फ्लास्कमध्ये स्टर बार नंतर टाकणं हे सगळ्यात वाईट. कढत वर्ट हातावर येतं. विजेच्या कॉइलवर काचेचा फ्लास्क थेट ठेवू नका, गॅसवर असेल तर मध्ये तारेची जाळी ठेवा.

प्रेशर कुकरचा मार्ग आपल्याकडच्या घरांना सोपा आहे आणि त्यात उतू जाणं जवळजवळ संपतं. दोन तृतीयांश भरलेली, गरम सोसणारी बरणी, तिच्यावर सैल फॉइल, कुकरच्या तळाशी जाळी आणि २-३ सेंटीमीटर पाणी. शिटी झाल्यावर आच मंद करून १५ ते २० मिनिटं. नंतर गॅस बंद करून कुकर स्वतःहून पूर्ण थंड होऊ द्या. घाईने शिटी उचलून वाफ सोडलीत तर आतला दाब एकदम उतरतो, बरणीतलं वर्ट भडाभडा उकळतं आणि अर्धं कुकरच्या पाण्यात जातं. हे वर्ट त्याच दिवशी वापरा. वर्टचा सामू ४.६ पेक्षा वर असतो. शिटीच्या कुकरमधून काढलेल्या बरण्या बाहेर साठवून ठेवणं म्हणजे बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूला आमंत्रण आहे.

अँटिफोम

सिलिकोनवर आधारलेलं फर्मकॅप-एस हे घरगुती ब्रूइंगमध्ये सर्वांत जास्त वापरलं जातं. १ लिटरला एक ते दोन थेंब, उकळायच्या आधीच. तेच थेंब आधी उकळीचा फेस दाबतात आणि पुढे किण्वनाचाही, दुसऱ्यांदा घालावे लागत नाहीत. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका, आणि प्रत्येक वेळी नीट हलवून घ्या. हे इमल्शन आहे. न हलवता घेतलं तर थेंबात बहुतेक पाणीच येतं आणि ‘आमच्याकडे हे चालतच नाही’ असा समज होतो. सिलिकोन यीस्टला आणि गाळाला चिकटून खाली बसतो, त्यामुळे तयार बिअरच्या फेसावर त्याचा परिणाम दिसत नाही.

वरणाच्या कुकरमध्ये तेलाचा थेंब टाकायची सवय हाताला असते. इथे तो टाकू नका. तेल बिअरमध्ये उतरलं तर ग्लासातला फेस मरतो, आणि ते जुनं झालं की वास येतो.

यीस्ट घालताच फेस आला तर

गार झालेलं वर्ट उंचावरून ओतल्याने बनलेला फेस हवेचा असतो. तो चांगलाच, त्यातून यीस्टला प्राणवायू मिळतो. पण मानेपर्यंत फेस भरलेल्या फ्लास्कमध्ये लगेच यीस्ट ओतून प्लेट चालू केली तर जागा उरत नाही. दहा मिनिटं थांबा. पाकीट फुगलेलं असेल तर आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि कोपरा थोडासा कापून वायू सोडून द्या. उभं धरून सावकाश ओता. फुगलेलं पाकीट जोरात हलवून लगेच फाडलं तर पहिला फवारा फ्लास्कबाहेर जातो, आणि त्यात पेशी असतात.

स्टर बार विसरलात आणि सहा तासांनी आठवण झाली? तोवर द्रवात वायू भरलेला असतो. बार वरून सोडला की त्याच्या पृष्ठभागावर वायू सुटतो आणि फ्लास्क उसळतो. बार फ्लास्कच्या आतल्या भिंतीला लावून बाहेरून लोहचुंबकाने धरा आणि तसाच हळूहळू खाली सरकवत न्या. त्याआधी फ्लास्क सिंकमध्ये ठेवा.

रात्रीत उतू जात असेल

बहुतेकांची तक्रार इथलीच असते, आणि इथेच कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

आधी किती वायू बनतो ते पाहू. १ लिटर स्टार्टरमध्ये १०० ग्रॅम डीएमई आहे. त्यातला सुमारे ६० टक्के भाग यीस्ट प्रत्यक्षात आंबवतं, आणि त्यातून अंदाजे १४-१५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एवढा वायू एका दिवसात, त्यातही बहुतेक काही तासांत, ५ सेंटीमीटरच्या तोंडातून जायचा असतो. नुसता वायू असता तर तो मुकाट निघून गेला असता. पण बुडबुड्यांभोवती माल्टच्या प्रथिनांची पातळ भिंत बनते आणि काही यीस्टच्या पेशी स्वतः बुडबुड्यांना चिकटून वर जातात. या दोन्हींनी मिळून जो टिकाऊ थर बनतो तो क्रॉयझेन.

पेशी बुडबुड्यांना चिकटतात की नाही हे त्यांच्या भिंतीवरच्या प्रथिनांवर ठरतं, म्हणजे ते यीस्टच्या जातीवर आहे. जपानमध्ये साकेसाठी हे फार काटेकोरपणे सिद्ध झालं आहे. तिथल्या ब्रूइंग सोसायटीच्या ७ क्रमांकाच्या यीस्टला प्रचंड फेस येतो, आणि त्याच्यापासूनच निवडलेल्या ७०१ क्रमांकाच्या यीस्टला जवळजवळ येत नाही. फरक मुख्यतः एडब्ल्यूए१ नावाच्या एका जनुकाचा आहे. बिअरच्या यीस्टमध्येही असाच जातीजातीत फरक आहे. वेस्टमालेच्या जातीचं वायीस्ट कंपनीचं ३७८७ किंवा व्हाइट लॅब्स कंपनीचं डब्ल्यूएलपी ५३०, गव्हाच्या जर्मन बिअरचं ३०६८ किंवा डब्ल्यूएलपी ३००, आणि लंडनचं १३१८, ही वर चढणारी यीस्टं आहेत. यांच्यासाठी वर सांगितलेल्या भरण्याच्या प्रमाणातून आणखी एक पंचमांश कमी करा आणि अँटिफोम घालाच. लागरची यीस्टं बहुधा शांत असतात.

जात बदलता येत नाही, पण बाकीच्या चार गोष्टी तुमच्या हातात आहेत.

तापमान २० ते २२ अंश ठेवा. २८-३० अंशांवर किण्वन लवकर आटपतं, पण तोच वायू निम्म्या वेळात बाहेर पडतो, आणि फेस किती उंच जातो हे वायू किती वेगाने सुटतो त्यावर ठरतं. टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये ठेवलेला स्टार्टर म्हणूनच जास्त उतू जातो. स्टर प्लेटची मोटारही खालून उष्णता देते. खोली २२ अंश असली तरी फ्लास्क दोन-तीन अंश जास्त असू शकतो. फ्लास्कला चिकटपट्टीचा थर्मामीटर लावा आणि खोलीचं नव्हे, त्यावरचं तापमान वाचा.

डीएमई जवाचं, फिकट रंगाचं घ्या. गव्हाच्या डीएमईत फेस टिकवणारी प्रथिनं जास्त असतात. गव्हाची बिअर करायची असली तरी स्टार्टर जवाच्याच वर्टवर करा. स्टार्टरचं बहुतेक पाणी शेवटी ओतून द्यायचं आहे, चवीसाठी गव्हाची गरज नाही.

स्टर प्लेटचा वेग कमी करा. तळापर्यंत पोहोचलेला भोवरा दिसायला सुंदर असतो, पण तो हवा आत घुसळतो आणि फेस बांधतो. पृष्ठभागावर जेमतेम खळी दिसेल एवढा वेग पुरे. त्यात यीस्ट तरंगत राहतं आणि वायू सतत सुटत राहतो. प्लेटचं खरं काम हेच आहे: वायू साठू न देणं. नीट चाललेल्या प्लेटवर क्रॉयझेन बऱ्याचदा पातळच राहतो. प्लेट नसेल आणि दर काही तासांनी हाताने फिरवत असाल, तर पहिलं फिरवणं अगदी हलकं, पाच सेकंदांचं असू द्या. फेस बसला की पुन्हा फिरवा.

चौथी गोष्ट झाकण. फॉइलचा तुकडा स्टार सॅनमध्ये बुडवून तोंडावर सैल बसवा, कडा ८-१० सेंटीमीटर खाली यायला हव्यात. बूच आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पाणी भरलेली नळी) लावू नका. स्टार्टरला थोडी हवा लागतेच, पण त्याहून मोठं कारण हे की एअरलॉकची अरुंद नळी फेसाने बुजते, आत दाब चढतो आणि बूच छतापर्यंत उडतं. अगदीच जागा नसेल तर किमान १० मिलिमीटर आतल्या व्यासाची सिलिकोनची नळी लावून दुसरं टोक स्टार सॅनच्या बरणीत सोडा. नळी याहून बारीक असली तर तीही बुजते.

वेळेचं गणितही ध्यानात असू द्या. ताजं यीस्ट घातल्यापासून १२ ते १८ तासांत फेस सर्वांत उंच असतो. रात्री १० वाजता यीस्ट घातलं तर तो सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान, म्हणजे नेमकं घर रिकामं असताना वर येतो. शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता घातलं तर शनिवारी सकाळी तुम्ही घरी असता.

प्लेट थांबून पुन्हा सुरू झाली की

ही उसळी सर्वांत जोरदार आणि सर्वांत फसवी असते, कारण त्याआधी फ्लास्क अगदी शांत दिसतो. २० अंशांवर १ लिटर द्रवात सुमारे १.७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ९०० मिलिलिटर वायू निवांत विरघळून राहतो, आणि न हलवलेल्या, आंबत असलेल्या स्टार्टरमध्ये त्याहून जास्त साठतो. वीज गेली, किंवा बार मधूनच निसटून भिंतीला लागला, की साठा वाढत जातो. सकाळी तुम्ही प्लेट पूर्ण वेगाने चालू करता आणि वरचा सगळा जादा वायू काही सेकंदांत सुटतो.

वेग शून्यावर आणा. फ्लास्क उथळ ताटलीत किंवा सिंकमध्ये घ्या आणि हाताने अगदी हळू एक-दोन वेळा फिरवा. फेस चढेल, थांबा. तो बसला की पुन्हा. पाच-सहा वेळा असं केल्यावर चढणं कमी होतं. मग प्लेटवर ठेवून सर्वांत कमी वेगाने सुरू करा. संगणकाच्या पंख्यापासून घरी बनवलेल्या प्लेटला फिरायला सुरुवातीचा जोर जास्त लागतो, म्हणून ती एकदम वेगात सुटते. पंखा हलला की लगेच नॉब मागे घ्या. बार वारंवार निसटत असेल तर वेग जास्त आहे किंवा बार फ्लास्कला शोभत नाही. १ लिटरला २५ मिलिमीटरचा बार ठीक चालतो. मोठ्या फ्लास्कला थोडा लांब घ्या आणि फ्लास्क बरोबर मध्यावर ठेवा.

दुसऱ्या पायरीत उतू गेला, पहिलीत नाही

हे अगदी अपेक्षित आहे. पहिल्या वेळी ताज्या वर्टमध्ये यीस्ट विरळ होतं, त्याला जागं व्हायला वेळ लागला. दुसऱ्या वेळी दुप्पट-अडीचपट जागं यीस्ट तेवढ्याच वर्टवर तुटून पडतं आणि फेस तीन ते सहा तासांतच येतो. पहिल्या पायरीचा अनुभव दुसरीला लावू नका. दुसरी पायरी सकाळी करा, म्हणजे तो वेळ डोळ्यांसमोर जातो.

ताजं वर्ट आंबलेल्या द्रवात तसंच वरून ओतू नका. आधी फ्लास्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून यीस्ट खाली बसवा, वरची बिअर ओतून टाका, मग थरावर ताजं वर्ट फ्लास्कच्या भिंतीवरून सोडा. असं केल्याने जागाही मोकळी होते आणि वायूने भरलेलं द्रवही निघून जातं. अँटिफोम इथे नव्याने, नव्या वर्टच्या मापाने घालावा लागतो. आधीचा बराचसा ओतून दिलेल्या बिअरमध्ये गेलेला असतो आणि उरलेला यीस्टच्या थरात अडकलेला असतो.

फ्रीजमध्ये आणि बरणीत

फेस पूर्ण बसल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नका. २ ते ४ अंशांवर २४ ते ४८ तासांत यीस्ट बसतं. घट्ट बूच नको, कारण गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉक असला तर त्यातलं पाणी आत ओढलं जातं. बाहेर काढल्यावर आधी वरची बिअर ओता, १००-१५० मिलिलिटर ठेवा, मगच यीस्ट फिरवून सैल करा. भरल्या फ्लास्कमध्ये फिरवायला गेलात तर गार द्रवातला जास्तीचा वायू सुटून शेवटच्या क्षणी सांडतं. स्टर बार बाहेरून चुंबकाने धरून ठेवा, नाहीतर तो फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) जातो.

पुढच्या बॅचसाठी थोडं यीस्ट बाजूला काढत असाल तर बरणी अर्धीच भरा, झाकण पाव फेरी सैल ठेवा, पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा उघडून वायू सोडा आणि उघडताना बरणी सिंकमध्ये धरा.

सांडलाच तर

प्लेट बंद करून आधी प्लग काढा. साखरेचं पाणी पंख्यात आणि तारांत शिरतं. यापुढे प्लेटवर दुमडलेल्या कडांचं पातळ प्लास्टिकचं झाकण ठेवून त्यावर फ्लास्क ठेवा. २-३ मिलिमीटरची जाडी चुंबकाला अडवत नाही.

फ्लास्कच्या बाहेरून ओघळलेला ओला पट्टा हा जंतूंना आत जायचा रस्ता आहे, आणि चिलटं आपल्या पायांवर व्हिनेगर करणारे जिवाणू घेऊन येतात. मान आणि तोंड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जुनं फॉइल टाकून द्या, नवं निर्जंतुक फॉइल लावा. टेबलावर सांडलेलं परत आत ओतू नका, थोडंही नाही. वरचा फेस म्हणजे नुसता कचरा नसतो. वर चढणाऱ्या जातींमध्ये पुष्कळ यीस्ट त्यातच असतं, त्यामुळे दीड लिटरमधले २०० मिलिलिटर गेले तर पेशींचा तोटा त्या प्रमाणापेक्षा जास्त धरावा. बिअर १.०५० च्या आतली असेल तर तसंच पुढे जा. त्याहून जड असेल, किंवा पाव भागाहून जास्त सांडलं असेल, तर अर्धा लिटर नव्या वर्टची एक छोटी पायरी घाला आणि ब्रूइंग एक दिवस पुढे ढकला. बॅचमध्ये घालण्याआधी वास घ्या. ब्रेडसारखा, किंचित सफरचंदासारखा वास चालतो. व्हिनेगरचा वास आला किंवा वर सुरकुतलेली साय दिसली तर तो स्टार्टर टाकून द्या. १९ लिटर वर्ट पणाला लावण्याइतकं एक पाकीट महाग नसतं.

वाळलेला क्रॉयझेन ब्रशने घासून निघत नाही, काचेवर ओरखडे मात्र पडतात. सोडियम परकार्बोनेटवर आधारलेली धुण्याची पूड, १ लिटर गरम पाण्याला एक मोठा चमचा, मानेपर्यंत भरून रात्रभर ठेवा. सकाळी नुसत्या पाण्याने तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. नंतर दोनदा स्वच्छ धुवा. पूड राहिली तर पुढच्या वेळी स्टार सॅनचं आम्ल ती निष्प्रभ करते.